गवताखालची रेघ

सकाळी निघताना बाबांनी एकच निरोप दिला, आणि तो देण्यासाठीही त्यांना चहाचा कप विसळण्याचे निमित्त लागले. नळाकडे तोंड करून ते म्हणाले, "तिला म्हणावं, रात्री जेवायला ये. बाकी काही बोलू नकोस."

धाकटीने बुटांच्या नाड्या बांधता बांधता मान हलवली. बाबांची पाठ होती, त्यांना ती मान दिसण्याची शक्यता नव्हती. पण गेली दोन वर्षे या घरात थोरलीविषयीचे बोलणे असेच पाठमोरे चालत आले होते.

थोरली विमान उडवायची. माणसांना एका गावाहून दुसऱ्या गावी नेणारे विमान नव्हे. एकाच माणसाचे, लहानसे, आकाशात कोलांट्या आणि गिरक्या घेणारे. मेळ्यांत, महोत्सवांत लोक माना मोडेस्तोवर वर बघत आणि तिला 'घार' म्हणत. धाकटीचे काम नेमके उलटे. वर चाललेल्या कसरतींतले काहीही खाली लोकांच्या डोक्यावर येऊ नये, हे जमिनीवर उभे राहून बघायचे. थोरली तिला लहानपणापासून 'मोजपट्टी' म्हणायची, आणि ते नाव काही उगीच पडले नव्हते. दोघी एका पलंगावर झोपत तेव्हा धाकटीने पट्टी घेऊन पांघरुणाचे दोन सारखे भाग केले होते, वर चादरीच्या मधोमध पेन्सिलीने रेघही ओढली होती. थोरली रोज रात्री पाय पसरून त्या रेघेपलीकडे यायची आणि सकाळी कांगावा करायची, "झोपेत माणसाला रेघ दिसते होय गं?"

भांडणही शेवटी रेघेवरूनच झाले.

दुसऱ्या एका मैदानावर एका विमानाचा तुकडा सुटून गर्दीत गेला. त्यानंतर नियम नव्याने लिहायला जी समिती बसली, तिच्यात धाकटीला घेतले. पदार्थविज्ञान शिकलेली, आकडेमोडीला पक्की म्हणून. तिने समितीला सायकलच्या चाकाचे उदाहरण दिले. चाकाचा चिखल गोल गोल फिरत राहत नाही. तो सुटतो, आणि सुटल्या क्षणी ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला सरळ जातो. म्हणून मागे बसणाऱ्याची पाठ भरते. विमान गर्दीच्या बाजूला नाक करून वळत असेल, आणि नेमके तेव्हा काही सुटले, तर ते वळणाबरोबर वळणार नाही, गर्दीकडे जाईल. तेव्हा विमानाचा वेग मोजा, सुटलेला तुकडा किती लांब जाऊन पडेल ते काढा, आणि गर्दीपासून तेवढ्या अंतरापलीकडे जमिनीवर रेघ मारा. त्या रेघेच्या अलीकडे विमानाने यायचे नाही. गर्दीच्या डोक्यावरून तर जायचेच नाही.

रेघ गर्दीपासून लांब सरकली, आणि थोरलीची शेवटची कसरत नियमाबाहेर गेली. तीच कसरत, जिच्यासाठी लोक येत. लांबून गर्दीकडे सरळ झेपावत यायचे, कुंपणाजवळ आल्यावर नाक उचलायचे आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून सुळकन आभाळात निघून जायचे. त्या रात्री थोरली जेवणावरून उठली. समितीतले लोक उंटावरून शेळ्या हाकतात हे तिला ठाऊकच होते, पण त्या उंटावर आपल्याच घरचे माणूस बसेल असे वाटले नव्हते, असे काहीसे ती म्हणाली. धाकटीने चाक, चिखल, वेग सगळे पुन्हा समजावले. थोरलीने सगळे ऐकून घेतले आणि दारात उभी राहून म्हणाली, "दुरून डोंगर साजरे असतात, मोजपट्टी. विमानं नाही."

मग ती दुसऱ्या शहरात राहायला गेली. बाबांना ती अधूनमधून फोन करायची. धाकटीशी बोलणे बंद.

धाकटीची आकडेमोड बरोबर होती. ती तिने कित्येकदा पुन्हा करून पाहिली होती, आणि दर वेळी उत्तर तेच यायचे. उत्तर चुकले असते तर फोन करायला काही कारण तरी मिळाले असते.

या खेपेच्या कार्यक्रमपत्रिकेत थोरलीचे नाव पाहून ती साहेबांकडे गेली होती. साहेब म्हणजे तिचे वरिष्ठ. निवृत्तीला टेकलेले, खुर्चीतून उठताना गुडघ्यांना दटावणारे. बहिणीवर देखरेख बहिणीनेच करावी हे बरे दिसत नाही, दुसरे कोणी द्या, असे तिने सांगितले. साहेबांनी नियमांचे पुस्तक काढले. देखरेख करणाऱ्याचा वैमानिकाशी पैशाचा व्यवहार नसावा असे त्यात होते. बहिणींबद्दल अवाक्षर नव्हते. "तुम्हीच लिहिलंय," साहेब म्हणाले, आणि पुस्तक मिटले.

एवढ्यावरही तिला आशा होती. दिवसभर एकाच मैदानावर असणार, कुठेतरी गाठ पडेल, निरोप देता येईल. पण सकाळी धुके उतरले. थोरलीचे विमान उशिरा आले, तिची सरावाची फेरी रद्द झाली, वैमानिकांच्या बैठकीला ती उभ्याउभ्या आली आणि साहेबांच्या कागदावर सही करून गेली. धाकटी तेव्हा मैदानाच्या टोकाला होती. लांबून तिला फक्त थोरलीची चाल दिसली. एक खांदा किंचित पुढे काढून, जणू सतत वाऱ्याच्या विरुद्ध चालल्यासारखी.

नंतर विमानापाशी थोरली एकटीच गोल चालत होती. डोळे मिटलेले, उजवा हात छातीसमोर पंखासारखा आडवा, तो हात वळतोय, उलटतोय, खाली झेपावतोय. कसरतीचे सगळे वैमानिक उडण्याआधी असे जमिनीवर चालून घेतात; हात हेच विमान. अशा वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचे नसते. धाकटी दोन पावले पुढे गेली होती, ती थांबली. हा नियम लिहिलेला नव्हता, तरी तिने तो पाळला.

आता उरला रेडिओ. एकदा विमान उडाले की त्या वाहिनीवर देखरेख करणाऱ्याला एकच शब्द बोलायची मुभा होती. उलट्या टांगलेल्या माणसाशी गप्पा मारायच्या नसतात, म्हणून. तो शब्द 'थांब'. आदरार्थी 'थांबा' ठेवावे की नुसते 'थांब', यावर समितीत अर्धी दुपार गेली होती. शेवटी घाईच्या वेळी मान राखत बसायला सवड नसते असे ठरले. 'थांब' ऐकताच वैमानिकाने असेल ती कसरत सोडायची, उंची घ्यायची, 'थांबलो' किंवा 'थांबले' म्हणायचे आणि उतरायचे. कारण नंतर विचारायचे. नियम मोडला म्हणून थांबवले असेल तर परवाना जागच्या जागी रोखला जाई, आणि तो परत मिळवता मिळवता अख्खा हंगाम निघून जाई.

दुपारी धुके निवळले. गर्दी कुंपणाला लागून उभी होती. खांद्यांवर पोरे, डोळ्यांवर हात. धाकटी रेघेच्या टोकाला आपल्या जागी उभी राहिली. तिच्यासमोर रेघेवर दोन काठ्या रोवलेल्या होत्या. एका काठीमागे दुसरी झाकेल असे उभे राहिले की नजर बरोबर रेघेवरून जाते. विमान काठ्यांच्या पलीकडे, तर ठीक. अलीकडे, म्हणजे गर्दीच्या बाजूला, तर ठीक नाही. असे साधे यंत्र आहे ते, आणि त्याच्यावर तिचा कुठल्याही दुर्बिणीपेक्षा जास्त विश्वास होता.

थोरली आधी दिसली, आवाज मागून आला. पहिली कोलांटी अशी गोल, की धाकटीचे काम क्षणभर तिच्या हातून निसटले. दोन वर्षे तिने हे पाहिले नव्हते. इतरांची विमाने आकाशात वळतात. थोरलीचे वळण कुणीतरी हळूच कूस बदलावी तसे असायचे. धाकटीने घसा खाकरला आणि काठ्यांकडे पाहिले.

विमान काठ्यांच्या अलीकडे होते.

वारा असेल, तिने मनाशी म्हटले. वाऱ्याने विमान सरकते, वैमानिक ते पुढच्या फेरीत दुरुस्त करतो. हातातल्या पाटीवरच्या कागदावर रेघ आखलेली होती; विमान तिच्या जितके अलीकडे दिसले, अंदाजाने तितक्याच अंतरावर तिने ठिपका मारला. पुढची फेरीही अलीकडून गेली. आणखी एक ठिपका. आता गर्दीतून टाळ्या येत होत्या. इतके जवळ विमान त्यांनी बऱ्याच काळात पाहिले नव्हते. तिसऱ्या खेपेलाही तेच. थोरली शेवटच्या कसरतीसाठी लांब गेली आणि मैदानाच्या टोकाला वळली. त्या वळणात विमानाचे नाक गर्दीकडे येणार होते. याच क्षणासाठी धाकटीने रेघ काढली होती, आणि विमान रेघेच्या चुकीच्या बाजूला होते.

रेडिओचे बटण तिच्या अंगठ्याखाली होते. तिला नियम आठवला नाही. आठवली ती चादरीवरची पेन्सिलीची रेघ, आणि हे, की आज हा शब्द उच्चारला तर बाबांचा निरोप कायमचा आपल्यापाशीच राहील.

"थांब," ती म्हणाली. "थांब. थांब."

विमान जणू त्या शब्दाला बांधलेले असावे तसे सरळ झाले, वर चढले, मैदानापासून दूर गेले. कानात खरखर झाली.

"थांबले."

दोन वर्षांत थोरली तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द होता. गर्दी काही वेळ वर बघत राहिली, मग हळूहळू माना खाली आल्या.

साहेबांच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि गार पडलेला चहा होता. थोरली उभीच राहिली. शिरस्त्राण काखेत, केस कपाळाला चिकटलेले, गालांवर पट्ट्याचे वळ. तिने धाकटीकडे न बघता साहेबांना सांगितले की मी रेघेवर होते, पूर्ण वेळ. साहेबांनी ते ऐकून घेतले. त्यांच्या मते गोष्ट उघड होती. नामांकित वैमानिक, जुनी खुमखुमी, टाळ्यांचा मोह. असे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. मुद्दाम ओलांडली असेच लिहावे लागेल, ते म्हणाले, आणि पेन शोधू लागले.

"लिहा," थोरली म्हणाली. "अधिकारीबाईंचंही तेच म्हणणं असेल."

धाकटी आपल्या कागदावरच्या ठिपक्यांकडे बघत होती. "नाही," ती म्हणाली.

साहेबांनी पेन शोधणे थांबवले.

वाऱ्याने विमान सरकले असते तर अंतर वाढत गेले असते, ती सांगू लागली. मुद्दाम जवळ यायचे असते तर कधी जास्त जवळ, कधी कमी, जशी हिंमत होईल तसे. पण हे तिन्ही ठिपके रेघेपासून सारख्याच अंतरावर आहेत. इतके सारखे, की त्यांना जोडून दुसरी रेघ मारता येईल. हात थरथरला तर चूक अशी पडत नाही. माणूस अगदी नीट मोजतो, पण भलत्याच जागेपासून, तेव्हा ती अशी पडते.

"ताई," ती म्हणाली, आणि साहेबांसमोर हा शब्द तोंडातून गेल्यावर तिचे कान तापले. "तुला खाली रेघ दिसत होती?"

"मग काय मी हवेत रेघ मारली?" थोरलीने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिले. "लांबलचक होती. सरळ. फिकट. एकच दिसली, ती धरली."

"फिकट? मी पांढरी मारून घेतली होती. काल संध्याकाळी, चुन्याची ताजी फक्की टाकून."

"पांढरी मला कुठे दिसली नाही."

मैदानावर चौकशी केल्यावर निम्मे कोडे तिथल्या तिथे सुटले. पहाटे धुक्यात गवत कापायचे यंत्र मैदानभर फिरले होते आणि कापलेले गवत फक्कीवर पसरून पडले होते. जमिनीवरून बघणाऱ्याला मधूनमधून पांढरे दिसत होते. वरून काहीच दिसणार नव्हते. बाकीचे वैमानिक आदल्या संध्याकाळी सराव करून गेले होते, त्यांनी रेघ ताजी असताना पाहिली होती. धाकटीने सकाळी रेघ तपासली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, मान खाली घालून. जी खूण आकाशातून वाचायची, ती तिने पायांनी वाचली होती. एवढी शिकून हे आपल्या डोक्यात कसे आले नाही, याची तिला शरम वाटली, आणि ती तिने साहेबांना तशीच सांगितली.

पण मग थोरलीने धरली ती रेघ कुठली? त्या जागी तर नुसते गवत होते. धाकटी त्याच्यावरून दोनदा चालून आली. साहेब दारात उभे राहून म्हणाले की गवतात रेघ सापडली तर कागद फाडतो, नाही सापडली तर मुद्दाम असेच जाईल.

"माझा प्रदर्शनाचा परवाना रोखलाय ना? उडायचा तर आहे," थोरली म्हणाली. "मी वर जाते. मोजपट्टी, तू निशाणं घेऊन चाल. कुठे लावायचं ते मी सांगते."

गर्दी पांगली होती. कुंपणाशी कागदी पेले आणि एक लहान बूट पडला होता. उन्हे तिरपी झाली तेव्हा धाकटी हातात लाल निशाणांचा गठ्ठा घेऊन मोकळ्या मैदानात उभी राहिली, आणि थोरली उंचावरून, एरवीच्या साध्या, सरळ उड्डाणात घिरट्या घालू लागली. कसरत नव्हती, त्यामुळे वाहिनीवर बोलायला मनाई नव्हती. साहेब खोलीत दुसऱ्या रेडिओशी बसले होते.

"पुढे चल. अजून. डावीकडे," कानात आवाज आला. "तुझं डावं, माझं नाही. झालं, इथे एक रोव."

तिने रोवले.

"आता सरळ जा. भरकटतेस. दारू पिऊन चालल्यासारखी चालतेस गं."

"खालून काहीच दिसत नाही, ताई."

"मला दिसतंय. चल तू."

निशाणामागून निशाण लागत गेले. मागे वळून पाहिले तर सगळी निशाणे एका सुतात होती. धाकटी गुडघ्यांवर बसली, गवत मुठीत धरून उपटले. मुळांना पांढरट, चुरचुरीत माती चिकटून आली. वर्षानुवर्षे एकाच जागी फक्की टाकून टाकून माती तशी झाली होती, तिच्यात गवत विरळ आणि पिवळट उगवत होते. उभ्या माणसाला आजूबाजूची पाती आड येत. वरून ती पाती बाजूला होत. रेघ हलवून दोन वर्षे झाली होती आणि जुनी रेघ गेलीच नव्हती; ती फक्त गवताखाली गेली होती.

"सापडली," ती रेडिओत म्हणाली. "जुनीच आहे."

वर विमानाने निशाणांच्या रांगेवरून एक फेरी मारली.

"मला वाटलं, तू जवळ घेतलीस," थोरली म्हणाली. "रेघ. वरून बघितल्यावर वाटलं, नरमली वाटतं मोजपट्टी. बरं वाटलं होतं."

धाकटीच्या हातात माती होती. ती झटकावी की ठेवावी हे तिला सुचेना. "ती तिथेच राहणार, ताई. लांबच."

"माहितीय. चाकाचा चिखल. मला तेव्हाही कळलं होतं." विमान मैदानाच्या पलीकडच्या कडेने वळले. "शेवटच्या झेपेत मी काय करायचे, सांगू? तो तुझा पिवळा स्कार्फ शोधायचे. कुंपणाला लागून, पाण्याच्या टाकीजवळ. दर वेळी तिथेच उभी असायचीस. तो दिसला की नाक उचलायचं, असं माझं माप होतं. तुझ्या त्या अंतरावरून माणसं दिसतात गं. माणूस दिसत नाही."

साहेबांच्या खोलीतला रेडिओ कुणीतरी बंद केल्याचा बारीक खट् आवाज कानात आला.

धाकटीला पुष्कळ बोलायचे होते. तो स्कार्फ अजून आहे, कपाटाच्या खालच्या खणात आहे. आता देखरेखीच्या कामावर गडद कोट घालावा लागतो. दोन वर्षे आपण तेच गणित पुन्हा पुन्हा केले, एकदा तरी चुकावे म्हणून. तिने बटण दाबले आणि सकाळपासून सांभाळलेले तेवढेच बोलली.

"बाबांनी रात्री जेवायला बोलावलंय."

"आज नाही जमायचं. उजेड आहे तोवर विमान परत न्यायला हवं. त्यांना सांग, पुढच्या खेपेला गाडीने येते. पांघरूण मात्र मोजून ठेवू नकोस."

"बरं."

"अजून एक निशाण राहिलंय. टोकाला. जा."

ती गेली. जुनी रेघ जिथे संपत होती तिथून कुंपण आणि पाण्याची टाकी अगदी जवळ होती. इथून जाताना थोरलीला खरेच चेहरे दिसत असतील. उद्या सकाळी ही सगळी पट्टी खणून, माती बदलून घ्यायची, हे तिने मनात पक्के केले. खणायचीच होती. दुसरा मार्ग नव्हता. निशाण हातात घेऊन ती थोडी डावीकडे सरकली, थोडी उजवीकडे.

"थांब," थोरली म्हणाली.

धाकटी थांबली.

विमान वर, उंचावर, नियमात होते तितक्या अंतरावर होते. पंखावर ऊन होते. ते आल्या वाटेला लागले नाही, एक मोठे, सावकाश वळण घेऊन पुन्हा मैदानाकडे आले.

"तशीच उभी राहा जरा," थोरली म्हणाली. "अजून थोडं इंधन आहे."

धाकटीने लाल निशाण डोक्यावर धरले आणि हात दुखू लागला तरी खाली घेतला नाही.